ओपॅकवर 'नो रिझल्ट' आलं म्हणून मागे फिरू नका

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीबद्दल दोन गोष्टी आधीच पक्क्या डोक्यात ठेवा, अर्धा वैताग तिथेच वाचेल. कॅटलॉगमध्ये, म्हणजे ओपॅकवर, पुस्तक दिसलं नाही म्हणजे ते लायब्ररीत नाहीच असं नसतं, आणि कॅटलॉगमध्ये 'अव्हेलेबल' दिसलं म्हणजे ते रॅकवर असेलच असंही नसतं. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन भानगडींतून वाट कशी काढायची त्याबद्दल आहे.

उदाहरण मी पुणे विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीचं धरतेय कारण माझा जास्त वावर तिथला. विद्यापीठ १९४९ चं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांचं नाव लायब्ररीला. आता अधिकृत नाव जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे पण ते कुणी म्हणत नाही, कुठे चाललास तर 'जयकरला' एवढंच. कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर, मुंबईचं कलिना, गोवा विद्यापीठ, कुठेही गेलात तरी पद्धत उन्नीस-बीस हीच, फक्त नियम, फी आणि वेळा त्या त्या ठिकाणच्या बघून घ्यायच्या.

जायच्या आधी घरी बसून

आधी आपण कोण आहोत ते ठरवा, म्हणजे लायब्ररीच्या दृष्टीने. कॅम्पसमधल्या डिपार्टमेंटचे विद्यार्थी असाल तर प्रश्नच नाही, आयकार्ड दाखवा, फॉर्म भरा, मेंबर व्हा. संलग्न कॉलेजचे असाल तर बहुतेक वेळा बसून वाचायला देतात पण पुस्तक घरी नेऊ देतीलच असं नाही, आणि त्यासाठी प्राचार्यांचं किंवा गाईडचं पत्र लागतं. बाहेरचे, म्हणजे पत्रकार, लेखक, निवृत्त मंडळी, दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून आलेले, यांच्यासाठी साधारणपणे तात्पुरती मेंबरशिप नाहीतर रोजची फी असा काहीतरी प्रकार असतो. पत्र आणताना एक करा, त्यात नुसतं 'संशोधनासाठी परवानगी द्यावी' असं मोघम लिहून आणू नका, विषय काय आणि कुठला विभाग बघायचाय (जुने बाउंड व्हॉल्यूम म्हणजे मासिकांचे बांधून ठेवलेले अंक, प्रबंध, दुर्मिळ पुस्तकं) ते स्पष्ट लिहून आणा. कारण दुर्मिळ विभागाची परवानगी वेगळी असते आणि दारात उभं राहून ती मागायला गेलं की 'उद्या मॅडम आल्या की बघू' होतं.

दुसरं म्हणजे वेळ. लायब्ररीची वेळ म्हणून जी लिहिलेली असते ती बऱ्याचदा अभ्यासिकेची असते. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालू असेलही, पण देवघेवीचा काउंटर, संदर्भ विभाग, प्रबंध विभाग हे ऑफिसच्या वेळेत चालतात, मधे जेवणाची सुट्टी, आणि काउंटर तर बंद व्हायच्या थोडं आधीच आवरतं घेतात. बाहेरगावाहून येणार असाल तर एक फोन करा, खरंच करा, वेबसाईटवरची सूचना जुनी असू शकते. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या, दीक्षांत समारंभ, आणि 'साठा पडताळणी' नावाचा एक प्रकार, हे तीन काळ टाळा. साठा पडताळणी म्हणजे सगळी पुस्तकं रजिस्टरशी ताडून बघणं, त्या काळात देवघेव चक्क बंद ठेवतात.

परीक्षांच्या दिवसांत अभ्यासिकेत जागा मिळणं हा वेगळा विषय आहे. पुण्यात तर स्पर्धा परीक्षावाले सकाळी उघडायच्या आधीपासून रांगेत असतात. तुम्हाला पुस्तकं शोधायची असतील तर त्या गर्दीशी तुमचा संबंध नाही, संदर्भ विभागात सहसा टेबल मिळतं, तिकडे जा.

पोचलात की

विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकबद्दल काही बोलत नाही, हाताशी वेळ ठेवून निघा एवढंच. कॅम्पस ४११ एकरांचा आहे, गेटवर उतरलं की लायब्ररी आली असं होत नाही, आत बरंच चालायचंय, उन्हाळ्यात टोपी घ्या.

लायब्ररीच्या दाराशी प्रॉपर्टी काउंटर असतं, तिथे सॅक ठेवायची आणि टोकन घ्यायचं. पैसे, मोबाईल, लॅपटॉप सॅकमध्ये ठेवू नका, हरवलं तर जबाबदारी तुमची अशी पाटी सगळीकडेच असते. एक पारदर्शक पिशवी किंवा साधी फाईल जवळ असली की बरं पडतं. स्वतःचं छापील पुस्तक आत न्यायचं असेल तर आत जातानाच दाखवून नोंद करून घ्या, नाहीतर बाहेर येताना ते तुमचंच आहे हे पटवत बसावं लागतं. रजिस्टरमध्ये सही करायची किंवा कार्ड स्कॅन करायचं, झालं.

आणि आत गेल्यावर पहिल्यांदा एक चक्कर मारा. काही न शोधता. कुठे काय आहे ते बघून ठेवा: देवघेव, संदर्भ, नियतकालिकं, प्रबंध, झेरॉक्स, पाणी. संदर्भ विभागातली पुस्तकं (कोश, शब्दकोश, ज्ञानकोश, गॅझेटिअर) घरी मिळत नाहीत, तिथेच वाचायची. मासिकांचे नवे अंक एका बाजूला, जुने अंक वर्षावर्षाचे बांधून दुसरीकडे, बऱ्याचदा तळघरात नाहीतर वरच्या मजल्यावर.

आता ओपॅक

ओपॅक म्हणजे लायब्ररीचा ऑनलाईन कॅटलॉग, लायब्ररीच्या वेबसाईटवर लिंक असते, 'वेब ओपॅक' नाहीतर 'सर्च कॅटलॉग' अशा नावाने. बऱ्याच ठिकाणी घरून उघडतो, काही ठिकाणी फक्त कॅम्पसच्या वायफायवर. आतलं सॉफ्टवेअर कोहा असेल, इन्फ्लिबनेटचं (विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांसाठी काम करणारी सरकारी संस्था) सोल असेल नाहीतर पुण्यातच तयार झालेलं स्लिम असेल, दिसायला वेगळं असतं पण काम तेच. एक खिडकी, शेजारी यादी: टायटल, ऑथर, सब्जेक्ट, आयएसबीएन (पुस्तकाचा छापील ओळख-नंबर), कॉल नंबर (रॅकवरच्या जागेचा नंबर).

इंग्रजी पुस्तकं शोधणं सोपंय. लेखकाचं आडनाव आणि नावातला एक ठळक शब्द टाका, मिळून जातं. अख्खं नाव टाकू नका. उपशीर्षक तर मुळीच नाही, कारण ते नोंदीत गाळलेलं असू शकतं.

खरा खेळ मराठी पुस्तकांचा. हे समजायचं तर ही नोंद कशी तयार झाली ते आधी बघा. पूर्वी लाकडी खणांची कपाटं असायची, खणात कार्डं, खालून भोक पाडून सळई ओवलेली, कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात कॉल नंबर, मग लेखकाचं आडनाव आधी आणि नाव नंतर, मग पुस्तकाचं नाव, गाव, प्रकाशक, साल, पानं. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा ही हजारो कार्डं बघून बघून कुणीतरी टाईप केली, बहुतेक वेळा कंत्राटावर आलेल्या मुलामुलींनी, आणि तेव्हा देवनागरी युनिकोड आजच्यासारखं सरसकट वापरात नव्हतं. मग काही ठिकाणी मराठी पुस्तकं रोमन लिपीत टाकली गेली, काही ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये, आणि पुढे युनिकोड आल्यावर नवीन पुस्तकं देवनागरीत. त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तकं एकाच ओपॅकमध्ये तीन अवतारांत सापडतात, आणि तुम्ही एक अवतार शोधून 'फक्त दोनच पुस्तकं आहेत' म्हणून निघून जाता.

म्हणून मराठी पुस्तक शोधताना निदान इतकं तरी करून बघाच.

आधी देवनागरीत. लेखकाचं फक्त आडनाव टाका. आद्याक्षरांच्या नादी लागू नका, कारण 'वि. का.' मधे स्पेस देऊन एक नोंद, 'वि.का.' स्पेस न देता दुसरी, 'विश्वनाथ काशिनाथ' अशी तिसरी, मशीनला तिन्ही माणसं वेगळी. नुसतं 'राजवाडे' टाका आणि यादी डोळ्यांनी चाळा.

मग रोमन. इथे प्रत्येकाचं स्पेलिंग स्वतंत्र. लक्ष्मण 'एक्स' घालून लिहिलेला आहे की 'केएसएच' घालून? फडके 'पीएच' ने की 'एफ' ने? 'च' साठी आपण 'सीएच' लिहितो पण अभ्यासकांच्या जुन्या पद्धतीत 'च' म्हणजे नुसता 'सी' आणि 'सीएच' म्हणजे 'छ'. देशपांडेमधल्या 'श' ला कुणी 'एसएच' लिहितं, कुणी नुसत्या 'एस' वर तिरकी रेघ देतं. तेव्हा सगळ्यात कमी भांडणाचा तुकडा शोधा आणि पुढे फुली (तारा, म्हणजे स्टार) टाका, बऱ्याच ओपॅकना ते कळतं: पहिली चार-पाच अक्षरं आणि स्टार, पुढे काहीही असो. यादी लांबलचक येते पण त्यात आपलं पुस्तक असतं.

मग जुनं शुद्धलेखन. मराठीत १९६२ साली नवे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकांवर अनुस्वारांचा पाऊस असायचा: कांहीं, केलें, इतिहासाचीं साधनें. कॅटलॉग करणाऱ्याने मुखपृष्ठ बघून जसंच्या तसं उतरवलं असेल तर तुमचं 'साधने' त्याला कधीच सापडणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच, 'कवि' आणि 'कवी', 'गुरु' आणि 'गुरू', दोन्ही टाकून बघा. जुन्या पुस्तकांसाठी मी सरळ असा शब्द निवडते ज्यात अनुस्वारही नाही आणि शेवटी इकार-उकारही नाही.

आणि एक छुपी गंमत जी बघून कळतच नाही. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' यातला तो आडवा रफार दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी टाईप होतो, स्क्रीनवर अगदी सारखा दिसतो पण आतून कोड वेगळा. 'ॲ' चं तेच, एक अक्षर म्हणून टाईप होतो किंवा अ वर चंद्र देऊन, आणि दिसायला जुळे भाऊ. साध्या ओपॅकला यांतलं एक माहीत असेल तर दुसरं तो शोधत नाही. इलाज सोपा: नावातला ज्या शब्दात ही अक्षरं नाहीत तो शब्द टाका.

टोपणनावं विसरू नका. कुसुमाग्रज शोधलंत तर शिरवाडकरही शोधा, केशवसुत तर दामले, बालकवी तर ठोंबरे. चांगल्या कॅटलॉगमध्ये एकावरून दुसऱ्याकडे जायची खूण असते, पण ती असेलच असं गृहीत धरू नका.

इतकं करूनही काही नाही आलं तर विषयाने शोधा. इथे एक उलटी युक्ती चालते. तुम्हाला जसं पुस्तक हवंय तशा एखाद्या पुस्तकाची नोंद आधी मिळवा, तिच्यात 'सब्जेक्ट' च्या पुढे काय लिहिलंय ते बघा, तो शब्द निळा असेल तर क्लिक करा. कॅटलॉगर त्या विषयाला काय म्हणतो ते आपण अंदाजाने ओळखण्यापेक्षा त्याच्याच तोंडून ऐकलेलं बरं, आणि बऱ्याचदा मराठी पुस्तकांचेही विषय इंग्रजीत दिलेले असतात हे तेव्हाच लक्षात येतं.

नोंद वाचायची कशी

सापडलं. आता टायटलवर क्लिक करून पूर्ण नोंद उघडा, नुसत्या यादीवरून नंबर उतरवू नका. खाली एक तक्ता दिसतो, एकेका प्रतीची एकेक ओळ: कुठल्या विभागात, कॉल नंबर, स्टेटस, बारकोड किंवा ॲक्सेशन नंबर. 'चेक्ड आउट' म्हणजे कुणीतरी नेलंय, शेजारी परत यायची तारीख असते, आणि 'होल्ड' ची सोय असेल तर नंबर लावून ठेवा. 'नॉट फॉर लोन' म्हणजे आहे, पण बसून वाचा. विभागाच्या रकान्यात कॅम्पसमधल्या एखाद्या डिपार्टमेंटचं नाव असेल तर पुस्तक मुख्य लायब्ररीत नाही, त्या डिपार्टमेंटच्या कपाटात आहे आणि त्याची किल्ली बहुधा एकाच माणसाकडे असते. तिकडे जायच्या आधी विचारून घ्या.

कॉल नंबर आणि ॲक्सेशन नंबर दोन्ही घ्या. कॉल नंबर सांगतो पुस्तक कुठे बसतं, ॲक्सेशन नंबर सांगतो नेमकी कुठली प्रत. स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल पण जिथे स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या रॅकपर्यंत, आपल्याला सोडत नाहीत तिथे चिठ्ठी भरून द्यावी लागते आणि चिठ्ठीवर दोन्ही मागतात.

रॅकपर्यंत

बहुतेक विद्यापीठांत ड्यूई पद्धतीने पुस्तकं लावतात, शून्यापासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत ज्ञानाचे कप्पे. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. मराठी भाषा म्हणजे व्याकरण वगैरे ४९१.४६, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. नंबराखाली लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं. रॅकच्या कडेला कुठून कुठपर्यंत नंबर आहेत त्याची पट्टी असते.

लोक फसतात ते दशांशात. टिंबानंतरचा आकडा मोठा की लहान असं बघायचं नसतं, एकेक अंक जुळवत जायचं. ८९१.४६०९ (मराठी साहित्याचा इतिहास) हा ८९१.४६१ च्या आधी येतो, लांबीने मोठा दिसला तरी. हे एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं.

काही जुन्या लायब्रऱ्यांत नंबरात अक्षरं, विसर्गासारखी टिंबं असं चित्रविचित्र दिसेल. घाबरू नका, ती रंगनाथन यांची कोलन पद्धत, १९३३ सालची, आपल्याच देशातली. तिथे स्वतः शोधत बसण्यापेक्षा काउंटरवरच विचारा.

रॅकवर पोचलात, पुस्तक नाही. होतं असं. आधी त्याच नंबराच्या डावी-उजवीकडचा अख्खा खण बघा, मग वरचा-खालचा, कारण वाचून झालेलं पुस्तक लोक शेजारी कुठेतरी खुपसून जातात (म्हणूनच टेबलावर ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि तुम्हीही टेबलावरच ठेवा). मग परत आलेली पण अजून लावायची बाकी असलेली पुस्तकं ज्या ट्रॉलीवर असतात ती ट्रॉली. मग बाइंडिंगला गेलंय का ते विचारा. आणि मग शेवटचा उपाय जो खरंतर पहिलाच करायला हवा, स्टॅकमधले काका. 'काका, ही दोन पुस्तकं कॅटलॉगला दिसतायत पण जागेवर नाहीत, कुठे असू शकतील?' असं चिठ्ठी पुढे करून नीट विचारलंत तर ते जे शोधून देतात ते कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही. एका लायब्ररीत, नाव घेत नाही, ओपॅकमध्ये नसलेली एक अख्खी देणगीतली पुस्तकांची ओळ मला अशीच दाखवली गेली होती, नोंदी व्हायच्या बाकी होत्या म्हणे, आणि धुळीवरून दिसत होतं की बाकी असून बराच काळ झालाय. मात्र त्यांना जेवणाच्या वेळेला आणि बंद व्हायच्या वेळेला गाठू नका.

आणि खणासमोर उभे आहातच तर शेजारची पुस्तकं उघडून बघा. ज्या विषयाला तुम्ही शब्द शोधत होतात तो विषय तिथे ओळीने लागलेला असतो. फक्त हे ध्यानात ठेवा की एकाच जातकुळीची पुस्तकं ड्यूईत फुटतात. आत्मचरित्रंच बघा, एक ९२० च्या चरित्रांत, दुसरं साहित्यात ८९१.४६ च्या पुढे कुठेतरी, तिसरं समाजशास्त्रात ३०५ च्या आसपास. दलित आत्मकथनांवर काम करणाऱ्यांना हे चांगलंच माहीत असतं, तीन मजले फिरतात बिचारे.

प्रबंध आणि जर्नल्स

पीएचडीचे प्रबंध बघायला पूर्वी त्या त्या विद्यापीठात जावं लागायचं. आता आधी शोधगंगा बघा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची साईट, पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत, फुकट, लॉगिनसुद्धा नको. प्रबंध तुकड्या-तुकड्यांत असतो, टायटल एक फाईल, प्रमाणपत्र एक फाईल, प्रकरणं वेगवेगळी. माझा सल्ला, आधी शेवटची संदर्भसूचीची फाईल उतरवा. कुणीतरी चार-पाच वर्षं घालून तुमच्या विषयावरची पुस्तकं गोळा केलेली असतात, ती यादी घेऊन ओपॅकवर बसलात की काम पळायला लागतं. मराठी प्रबंधांच्या बाबतीत आतल्या मजकुरात शोधाशोध सहसा होत नाही कारण पानं स्कॅन केलेली असतात किंवा जुन्या फॉन्टची असतात, तेव्हा शीर्षक, गाईड आणि विभाग यांवरूनच शोधा. गाईडच्या नावावरून शोधणं तर फारच कामाचं, एका गाईडकडचे विषय एकमेकांना लागून असतात. जुने, शोधगंगेवर नसलेले प्रबंध मात्र प्रबंध विभागात जाऊन, नोंद करून, तिथेच बसून वाचायचे. झेरॉक्स सहसा देत नाहीत, आणि मोबाईलने गुपचूप पानं काढू नका, विचारून काढा.

जर्नल्ससाठी केंद्र सरकारचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, तीस मोठ्या प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नल्स, सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना. कॅम्पसच्या नेटवर असाल तर बऱ्याचदा थेट उघडतात. घरून हवं असेल तर इनफेड नावाचं लॉगिन लागतं, ते लायब्ररीच देते, मागितलं तर. हे 'मागितलं तर' महत्त्वाचं आहे, कितीतरी एमएची मुलं पैसे मागणाऱ्या पानावरून परत जातात आणि लॉगिन त्यांच्याच लायब्ररीत पडून असतं. मराठी नियतकालिकं यात नाहीत हे सांगायला नकोच, त्यासाठी बाउंड व्हॉल्यूमच उलटायचे आणि मासिकांच्या वार्षिक सूची बघायच्या, असल्या तर.

नाहीच मिळालं तर

पुण्यात असाल तर नशीबवान. अर्थशास्त्र-राज्यशास्त्राला गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, संस्कृत-प्राच्यविद्येला भांडारकर, मराठ्यांच्या इतिहासाला भारत इतिहास संशोधक मंडळ, भाषाशास्त्र-पुरातत्त्वाला डेक्कन कॉलेज. यांचे कॅटलॉग जयकरच्या ओपॅकमध्ये येत नाहीत, वेगळे बघावे लागतात, काहींचे तर अजूनही जाऊनच. पोर्तुगीज काळातल्या गोव्यावर काही हवं असेल तर गोवा विद्यापीठाच्या लायब्ररीत इतिहासकार पिसुर्लेकरांचा संग्रह आहे, आणि कोसंबींचाही. मुंबईत फोर्टला राजाबाई टॉवरच्या इमारतीतली लायब्ररी, तिथे कामासाठी जा, पण वर रंगीत काचांकडे बघण्यात थोडा वेळ जाणार हे धरून जा.

भारतभरातल्या विद्यापीठांत एखादं पुस्तक कुठे आहे ते बघायला इंडकॅट, हाही इन्फ्लिबनेटचाच. सापडलं आणि तुमची लायब्ररी डेलनेटची (एकमेकांना पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांचं जाळं) मेंबर असेल तर ते पुस्तक मागवून घेता येतं, फॉर्म लायब्ररीतूनच भरायचा, येण्या-जाण्याचा खर्च कधी तुमच्यावर. चिकाटी लागते पण येतं.

परदेशात असलेल्यांसाठी: तुमच्या युनिव्हर्सिटीत मराठी शिकवत नसले तरी इंटरलायब्ररी लोनवर, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीकडून, मराठी पुस्तक मागवता येतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीला ऑफिस आहे, भारतीय भाषांतली पुस्तकं तिथून अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना वर्षानुवर्षं गेलेली आहेत, शिकागोला तर मोठा साठा. वर्ल्डकॅटवर (जगभरातल्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग) शोधताना तो मघाचा 'च म्हणजे नुसता सी' वाला नियम लावा, पटकन सापडतं.

आणि लेखकाला जाऊन साठ वर्षं होऊन गेली असतील तर आपल्याकडच्या कायद्याने पुस्तक कॉपीराईटमधून सुटलेलं असतं, अशी जुनी पुस्तकं आधी इंटरनेट अर्काइव्हवर आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी या साईटवर बघा. लायब्ररीतलं जुनं ठिसूळ पान उलटताना तुकडा हातात येण्यापेक्षा स्कॅन बरा.

परत करताना

ड्यू डेटचा मेसेज येईल या भरवशावर राहू नका. ओपॅकवर स्वतःच्या लॉगिनने गेलात की तुमच्या नावावर काय काय आहे ते दिसतं, तिथूनच रिन्यू होतं, दुसऱ्या कुणी नंबर लावलेला नसेल तर. पुस्तक परत केलंत की काउंटरवरून हलण्याआधी ते तुमच्या नावावरून निघालंय का ते स्क्रीनवर बघून घ्या. हरवलं तर लपवाछपवी न करता लगेच सांगा, बहुतेक ठिकाणी त्याच आवृत्तीची किंवा त्यापेक्षा नवी प्रत आणून दिली तर चालते, नाहीतर किंमत आणि वर दंड. उशीर केला की दंड वाढत जातो आणि निकालाच्या वेळेला नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचं प्रमाणपत्र) अडकतं, तेव्हा मग काउंटरवर रडकुंडीला आलेले चेहरे बघवत नाहीत. डिपॉझिट भरल्याची पावती पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये ठेवा आणि तिचा फोटोही काढून ठेवा, पैसे परत घेताना मूळ पावतीच मागतात आणि तोपर्यंत तिच्यावरची शाई उडालेली असते.